टंचाईतली दुरुस्ती : एका माजी खजिनदाराचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे आणि विषयही दिला आहे – ‘आपल्या इमारतीची मोठी दुरुस्ती’. सेक्रेटरींनी बजावलं आहे की काका, आकडे कमी सांगा. पण चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला आकडे कमी सांगा म्हणणं म्हणजे कीर्तनकाराला अभंग कमी म्हणा असं सांगण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो. शिवाय आज मला एक कबुलीही द्यायची आहे. सुरुवात तिथूनच करतो.

आपली सोसायटी १९९९ साली नोंदणीकृत झाली. स्टिल्ट पार्किंग आणि वर चार मजले, दोन विंग, बत्तीस घरं. उपविधींप्रमाणे इमारत पंधरा वर्षांची झाली की तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. त्याप्रमाणे २०१८ च्या अखेरीस आपण ऑडिट करून घेतलं. इंजिनिअर साहेबांनी हातोडीने कॉलम ठोकून पाहिले, यंत्र लावून तपासले, दोन ठिकाणी काँक्रीटचे नमुने काढले. अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की गच्चीचं वॉटरप्रूफिंग संपलेलं आहे, स्टिल्टमधल्या सात कॉलमना दुरुस्ती लागेल, आणि हे काम दोन वर्षांच्या आत करावं. अंदाजे खर्च अठ्ठावीस लाख, जीएसटी आणि रंगकाम धरून.

२०१९ च्या वार्षिक सभेत हा विषय आला. त्या वेळी फंडात एकोणीस लाख होते, ते मुदत ठेवीत होते आणि ठेवीची मुदत २०२१ साली पुरी होणार होती. मी खजिनदार. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “ठेव आत्ता मोडली तर एक टक्का दंड बसेल. व्याजाचं साधारण चाळीस हजारांचं नुकसान आहे. इमारत काही पडत नाहीये. मुदत संपू दे, मग बघू.” सभेने टाळ्या वाजवल्या. पैसे वाचवणारा खजिनदार कोणाला आवडत नाही? विषय पुढे ढकलला गेला. त्या ठरावाचा सूचक मीच होतो. इतिवृत्तात माझं नाव आहे, कोणालाही पाहता येईल.

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मजूर गावी गेले. २०२१ साली कामं पुन्हा सुरू झाली, पण मालाची चणचण आणि भाववाढ घेऊनच. पीव्हीसी पाइपचे भाव कधी नव्हे इतके चढले. रंगाच्या कंपन्यांनी एकाच वर्षात एकदा नव्हे, अनेकदा दर वाढवले. सळईचा भाव विचारायला गेलं की दुकानदार म्हणायचा, आजचा भाव आज संध्याकाळपर्यंत.

आणि जुलै २०२१ मध्ये, भर पावसात, बी-विंगच्या चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या स्लॅबचा साधारण परातीएवढा तुकडा ओट्यावर पडला. त्या घरातल्या वहिनी आज इथे समोर बसल्या आहेत. त्या कुकर लावून दूधवाल्याला पैसे द्यायला दारापर्यंत गेल्या होत्या, एवढंच. कुकर चेपला. मी वर गेलो तेव्हा त्या मला काही बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या, “भाऊजी, बसा, चहा टाकते,” आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की ओट्यावर चहा टाकायला जागाच नाही. स्लॅबच्या उघड्या पडलेल्या गंजक्या सळयांतून पाणी ठिबकत होतं. वाचवलेले चाळीस हजार मला त्या दिवशी दिसले.

ही माझी कबुली. आता पुढचा हिशेब.

ऑक्टोबरमध्ये इंजिनिअर साहेबांनी पुन्हा पाहणी केली. त्यांनी एक गोष्ट समजावली, ती आपल्या भागातल्या सगळ्याच इमारतींना लागू आहे. नव्वदच्या दशकात डोंबिवली-कल्याण-ठाणे पट्ट्यात खाडीची रेती सर्रास वापरली जाई. खाडीच्या रेतीत मीठ असतं. ती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर ते मीठ काँक्रीटमध्ये जातं आणि सळई आतून गंजू लागते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्याला आत जागा मिळाली नाही की तो वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. कॉलमवर जी उभी चीर दिसते ती बहुतेक वेळा अशी असते. आपल्या नमुन्यांतही क्षाराचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे दुसरीकडची चांगली वाळू मिळेना किंवा परवडेना म्हणून तेव्हा कोणीतरी जवळची वापरली, आणि त्याची किंमत आपण आज मोजतो आहोत. टंचाईत घाईने घेतलेला माल कसा वीस वर्षांनी बोलतो, ते आपल्याच खांबांनी दाखवलं.

त्यानंतरची वाळूची कथा तुम्ही पेपरात वाचली असेल. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या उपशालाही पर्यावरणाची परवानगी बंधनकारक केली. ऑगस्ट २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विनापरवाना वाळू उपशावर देशभर बंदी घातली. नद्यांच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण बांधकामाला वाळू मिळणं अवघड झालं आणि लोक क्रश सँडकडे वळले, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूकडे. आपल्या कामातही तीच वापरली. त्याबद्दल कोणाच्या मनात शंका असेल तर सांगतो, भारतीय मानक संस्थेच्या आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत अशा वाळूला मान्यता आहे. मात्र ती चाळलेली, धुतलेली हवी. खडीच्या खाणीवरची भुकटी म्हणजे क्रश सँड नव्हे.

जानेवारी २०२२ मध्ये विशेष सर्वसाधारण सभा झाली. नवा अंदाज होता एक्केचाळीस लाख. फंडात व्याज आणि दोन वर्षांची वर्गणी धरून तेवीस लाख. सभा साडेतीन तास चालली. कोणी म्हणालं, भाव उतरेपर्यंत थांबू. कोणी म्हणालं, कर्ज काढून सगळं एकदम करून टाकू. कोणी म्हणालं, निदान गेट आणि लॉबी तरी दिवाळीपूर्वी करा, मुलीला बघायला पाहुणे यायचे आहेत.

तेव्हा मला माझ्या वडिलांची आठवण झाली. दोन मिनिटं घेतो.

माझे वडील वाई तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९७७ साली त्यांनी गावात घर बांधायला काढलं. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं. आजच्या मुलांना हे खरं वाटणार नाही, पण सिमेंटच्या पोत्यासाठी अर्ज करावा लागे. फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण थोडं सैल झालं आणि पूर्ण उठायला मार्च १९८९ उजाडलं. वडिलांनी चाळीस पोती मागितली होती, मंजूर झाली चौदा. मी तेव्हा नुकताच बँकेत लागून तीन वर्षं झाली होती. मी म्हणालो, “दादा, ओळखीने आणखी मिळतात का बघू?” ते म्हणाले, “चौदात काय होतं ते आधी बघू.” पाटीवर त्यांनी यादी केली. न्हाणी, पाण्याचा हौद, जोत्याच्या दरजा, दारं-खिडक्यांवरच्या तुळया. चौदा पोती संपली. भिंती मातीतच बांधल्या. घराच्या दर्शनी भिंतीला सहा वर्षं गिलावा नव्हता. आई कुरकुरायची, आल्यागेल्याला काय दिसतं म्हणून. वडील म्हणायचे, “घरात ओल आहे का? नाही ना? मग झालं.” ते घर अजून उभं आहे.

त्या सभेत मी फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला रकाना – ज्याने जीवाला धोका आहे आणि जिथून पाणी आत येतं. दुसरा – एक पावसाळा थांबलं तर चालेल ते. तिसरा – जे फक्त डोळ्यांना दिसतं. कॉलम, गच्ची आणि चौथ्या मजल्याचे स्लॅब पहिल्यात गेले. बाहेरचं प्लास्टर आणि ड्रेनेजचे पाइप दुसऱ्यात. रंग, गेट, लॉबीच्या लाद्या आणि पेव्हर ब्लॉक तिसऱ्यात. कोणतं काम कुठल्या रकान्यात हे मी ठरवलं नाही, इंजिनिअर साहेबांनी ठरवलं. आपण फक्त त्यांच्याशी वाद न घालण्याचं ठरवलं. तेही बत्तीस घरांच्या सोसायटीत सोपं नसतं.

आता काही गोष्टी पुढच्या कमिटीसाठी सांगतो. भाव पुन्हा चढतील, माल पुन्हा मिळेनासा होईल, तेव्हा उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, कंत्राटाची. ‘एकरकमी दर, भाव वाढले तरी आमची जबाबदारी’ असं म्हणणारे दोन ठेकेदार आले होते. ऐकायला गोड वाटतं. पण बँकेत मी अशी किती तरी कर्जखाती पाहिली आहेत, जिथे ठेकेदार तोट्यात गेला की काम अर्धवट टाकून पळतो, किंवा मालात मारतो. म्हणून आपण कामाच्या मोजमापावर दर ठरवले. मजुरी पक्की. सिमेंट, सळई, पॉलिमर, पाइप आणि वॉटरप्रूफिंगचं सामान या पाचच वस्तूंना मूळ भाव लिहून ठेवला. खरेदीचं बिल दाखवलं तर वाढ सोसायटी देईल, भाव उतरला तर फायदाही सोसायटीचा, आणि वाढीला वरची मर्यादा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि मार्चमध्ये ठेकेदार डोक्याला हात लावून आला. भांडण झालं नाही. कागद काढला, बिलं पाहिली, फरक दिला. मे महिन्याच्या अखेरीस सरकारने पोलादावर निर्यात शुल्क लावलं आणि सळई उतरली, तेव्हा त्याच कागदाने आपल्याला पैसे परत मिळवून दिले.

दुसरी गोष्ट, साठेबाजीची. जानेवारीत मीच सुचवलं होतं की सिमेंटची तीनशे पोती एकदम घेऊन टाकू, भाव वाढायच्या आत. इंजिनिअर साहेबांनी विचारलं, “ठेवणार कुठे?” सिमेंट हवेतला ओलावा ओढतं. फळ्यांवर, भिंतीपासून दूर, दहाच पोत्यांच्या थप्पीने ठेवलं तरी तीन महिन्यांनंतर त्याची ताकद पुन्हा तपासून घ्यावी लागते. तरी माझ्या आग्रहाखातर साठ पोती आधी घेतली. पॉलिमर अडकल्यामुळे काम लांबलं, त्यात पंपरूमजवळ एका रात्री टाकी वाहिली आणि अकरा पोती दगड झाली. ती अकरा पोती आजही पंपरूमच्या मागे आहेत, वॉचमन त्यावर बसून डबा खातो. त्याच्या मते इतकं मजबूत बाक दुसऱ्या कुठल्या सोसायटीत नाही. ही झाली माझी दुसरी कबुली. पाइप आणि लाद्या आधी घेऊन ठेवा, त्या खराब होत नाहीत. सिमेंट आणि केमिकल लागेल तसंच आणा, आणि डब्यावरची तारीख वाचा.

तिसरी गोष्ट, पर्यायी मालाची. मार्चमध्ये तीन सर्वात वाईट कॉलमचं खराब काँक्रीट काढून झालं, सळया घासून गंजरोधक रंग लावून झाला, आणि नेमकं तेव्हा पॉलिमर आणि मायक्रो-काँक्रीट मिळेना. ठेकेदार म्हणाला, “साधं सिमेंट-वाळूचं मॉर्टर भरतो साहेब, वरून प्लास्टर केलं की कोणाला कळणार आहे?” काही सभासदांनाही ते पटलं होतं, कारण तीन आठवडे पार्किंगमध्ये लोखंडी टेकू उभे होते आणि गाड्या रस्त्यावर लावाव्या लागत होत्या. एक आजोबा रोज सकाळी त्या उघड्या सळया पाहून देवाचं नाव घेत खाली उतरायचे. मलाही झोप लागत नव्हती. पण आपण नियम केला होता की माल बदलायचा तर इंजिनिअरच्या लेखी परवानगीनेच. त्यांनी लिहून दिलं नाही. त्यांनी चार टेकू वाढवायला सांगितले आणि थांबायला सांगितलं. आपण थांबलो. २०१९ साली थांबलो तेव्हा टेकू नव्हता, नुसतं थांबलो होतो. या वेळी टेकू लावून थांबलो.

चौथी गोष्ट, पावसाची. माल उशिरा आल्याने वेळापत्रक कोसळलं होतं. तेव्हा कमिटीतल्या एका तरुण सभासदाने सुचवलं की गच्ची आधी पुरी करू, उरलेले चार कॉलम स्टिल्टमध्ये छताखाली आहेत, ते पावसातही करता येतील. इंजिनिअर साहेबांनी मान डोलावली. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा जुना कोबा काढला, नवं वॉटरप्रूफिंग केलं, पाणी साठवून तपासलं. मग जून ते सप्टेंबर खाली कॉलम. गच्चीवर पाणी भरून ठेवलं होतं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या वहिनी दर दोन तासांनी स्वयंपाकघराच्या छताला हात लावून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाली निरोप पाठवला, कोरडं आहे. माझ्या मते आपल्या कामाचं खरं प्रमाणपत्र ते होतं.

पाचवी गोष्ट, हिशेबाची. माल गेटच्या आत आल्याशिवाय आगाऊ रक्कम द्यायची नाही. आलेली पोती वॉचमनने वहीत लिहायची, आणि रिकामी पोती मोजून परत घ्यायची. बँकेत आम्ही कर्जदाराच्या गोदामात जाऊन साठा मोजायचो, तसंच. ठेकेदार आधी हसला. एकदा नोंदीतल्या भरलेल्या पोत्यांपेक्षा रिकामी पोती सात कमी निघाली. त्यानंतर हसला नाही.

पहिला टप्पा एकवीस लाखांत झाला, सगळा फंडातून. दुसरा, म्हणजे बाहेरचं प्लास्टर आणि पाइप, २०२३ मध्ये सव्वासोळा लाखांत. त्यासाठी प्रत्येक घराने पंचेचाळीस हजार दिले. निवृत्त आणि अडचणीतल्या सभासदांना अठरा हप्ते दिले आणि कोणी कोणते हप्ते घेतले हे नोटीस बोर्डावर लावलं नाही. एकही हप्ता बुडाला नाही. त्याच वर्षी सरकारने सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण जाहीर केलं, तेव्हा एक सभासद मला जिन्यात गाठून म्हणाले, “काका, वाळू स्वस्त होतेय, थोडं थांबू या का?” मी म्हटलं, “थांबण्याचा अनुभव मला आहे.”

आता बेरीज करा. एकवीस आणि सव्वासोळा, सव्वासदतीस लाख. यात रंग नाही. २०१९ चा अंदाज अठ्ठावीस लाखांचा, रंगासकट. म्हणजे चाळीस हजार वाचवायला आपण सव्वानऊ लाख जास्त दिले. यात युद्ध आहे, महामारी आहे, जगभरची टंचाई आहे, हे खरं. पण ती सगळी आपल्या दारात येण्याआधी आपल्याकडे एक वर्ष होतं. ते वर्ष टंचाईने घेतलं नाही, मी घालवलं.

म्हणून माझी एक सूचना आहे आणि आजच्या शुभदिवशी ती रीतसर मांडतो. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चावर वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी आपण घेतोच. त्याखेरीज मोठ्या दुरुस्तीचा वेगळा निधी आत्तापासून दरमहा सुरू करावा. आणि त्यातली काही रक्कम नेहमी अशा ठेवीत ठेवावी की ती मोडायला कोणालाही दुःख होऊ नये, विशेषतः खजिनदाराला. २०२८ नंतर इमारतीने तिशी ओलांडलेली असेल, मग दर तीन वर्षांनी ऑडिट लागेल. माणसाचं वय झालं की डॉक्टरकडे फेऱ्या वाढतात, तसंच हे. आमच्या वयाच्या लोकांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

रंग अजून राहिला आहे, मला ठाऊक आहे. रौप्यमहोत्सवाच्या फोटोत मागची भिंत करड्या प्लास्टरची दिसते आहे, म्हणून काही मंडळी नाराज आहेत. फोटोग्राफरने तर विचारलं, काम चालू आहे का? मी म्हटलं, हो, पंचवीस वर्षं चालू आहे. रंग पुढच्या वर्षी लागेल. आमच्या घराच्या भिंतीने सहा वर्षं वाट पाहिली होती, ही एक वर्ष पाहील.

खजिनदारपद मी दोन वर्षांपूर्वी सोडलं. नवे खजिनदार माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, मोबाइलवर हिशेब ठेवतात, आणि माझी जुनी वही त्यांनी मागून घेतली याचा मला आनंद आहे. त्या वहीत २०१९ च्या पानावर मी लाल शाईने एक ओळ लिहून ठेवली आहे : चाळीस हजार वाचवले. खोडलेली नाही. ती तशीच राहू द्या.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी समारंभ संपल्यावर सगळ्या कमिटीला चहाला बोलावलं आहे. ओटा आता मोकळा आहे. सगळ्यांनी यावं.